पर्वरीहून दोनापावला : आधी पूल ठरवा, मग गाडी काढा

नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा घरच्या कुणाच्या उपचारासाठी गोव्यात नव्याने राहायला आलात आणि घर पर्वरीत मिळालं, तर लवकरच एखादं काम मांडवीच्या पलीकडे निघतं. कुणाला दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत मुलाखत असते, कुणाला ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठात कागदपत्रं द्यायची असतात, कुणाला संध्याकाळी आईवडिलांना मिरामारची हवा खायला न्यायचं असतं. नकाशा उघडला की अंतर दिसतं बारा किलोमीटरच्या आसपास. मुंबई-पुण्याच्या सवयीने हे अंतर किरकोळ वाटतं आणि माणूस काही न ठरवता निघतो. रस्ता मोकळा असला तर अर्ध्या तासात पोचतो. नाही तर तेवढा वेळ पर्वरीतच जातो.

पर्वरी आणि दोनापावला यांच्यामध्ये एक मोठी नदी आहे आणि नदीला लागून राजधानीचं शहर आहे. बार्देशातून, म्हणजे मांडवीच्या उत्तरेकडच्या तालुक्यातून, पणजीकडे येणारी जवळपास सगळी वाहतूक मांडवीच्या पुलांवर येऊन मिळते. म्हापशाची, कळंगुटची, पेडण्याची, मोपा विमानतळावरची, सावंतवाडी-बांद्याहून येणारी, सगळी. त्यामुळे इथे किलोमीटर मोजून वेळ काढता येत नाही. कोणत्या पुलाने आणि कोणत्या वेळी नदी ओलांडायची हे ठरलं की बाकीचा प्रवास आपोआप ठरतो. पुढचं सगळं याच क्रमाने सांगते.

पायरी पहिली : दोन्ही टोकं नेमकी ठरवा

‘पर्वरी’ म्हणजे एक ठिकाण नव्हे. डोंगरमाथ्यावरची आल्त पर्वरी, सुकूरच्या बाजूचा भाग, सांगोल्ड्याकडचं टोक, नदीकडे उतरणारी बेतीची बाजू, या सगळ्यांना लोक पर्वरीच म्हणतात. बेतीच्या उतारावर राहणारा माणूस हायवेवर फारसा न रेंगाळता पुलाशी येतो. सांगोल्डा जंक्शनजवळ राहणाऱ्याला मात्र अख्खी पर्वरी पार करावी लागते, आणि खरा वेळ तिथेच जातो. राष्ट्रीय महामार्ग ६६ पर्वरीच्या मधोमध जातो. या महामार्गावर सुमारे पाच किलोमीटर लांबीच्या सहापदरी उन्नत मार्गाचं काम हाती घेतल्यापासून वळणं, सर्व्हिस रस्ते आणि यू-टर्नच्या जागा अनेकदा बदलल्या आहेत. काम चालू आहे तोपर्यंत परवाचा रस्ता आज तसाच असेल असं धरून चालू नका. घरातून हायवेला नेमकं कुठे लागायचं आणि पणजीच्या दिशेला कुठे वळायचं हे आदल्या दिवशी संध्याकाळी एकदा पायी किंवा स्कूटरने बघून या. दहा मिनिटांचं काम आहे, आणि सकाळच्या घाईत उलट्या दिशेने सांगोल्ड्यापर्यंत जाऊन परत यायची पाळी त्याने टळते.

दुसरं टोकही तसंच. ‘दोनापावला’ म्हणून राजभवनाच्या बाजूला जायचंय, जेटीवर जायचंय की समुद्रविज्ञान संस्थेच्या सर्कलवर? ‘ताळगाव’ म्हणजे खालचं गाव, की वरचं पठार, जिथे विद्यापीठ आणि श्यामाप्रसाद मुखर्जी इनडोअर स्टेडियम आहे? करंझाळे, मिरामार, सांतिनेज आणि ताळगाव ही नावं एकमेकांना चिकटून असली तरी त्यांचे सोयीचे रस्ते वेगळे आहेत. सर्वसाधारण असं धरा : किनाऱ्याकडे जायचं असेल तर शहरातून जाणारा रस्ता जवळचा, पठारावर जायचं असेल तर बांबोळीहून जाणारा सुटसुटीत.

पत्ता विचारताना लोक खुणा सांगतात. पर्वरीत ‘तीन बिल्डिंग’, ‘ओ कोकेरो’, ‘विधानसभा’. पणजीत ‘दिवजा सर्कल’, ‘कदंब स्टँड’, ‘कला अकादमी’. ओ कोकेरो हे रेस्टॉरंट. १९८६ साली चार्ल्स शोभराजला मुंबई पोलिसांचे अधिकारी मधुकर झेंडे यांनी इथेच पकडलं, तेव्हापासून ते नाव साऱ्या देशाला ठाऊक झालं. नवीन माणसाने या खुणा लक्षात ठेवाव्यात, कारण काही जुन्या खुणा आता जागेवर नाहीत. हायवेलगतचा खाप्रेश्वराचा जुना वड २०२५ साली उन्नत मार्गाच्या कामासाठी हलवण्यात आला. जुना माणूस अजून ‘वडाकडून वळा’ म्हणाला तर गोंधळू नका. पत्ता मराठीत विचारायला अजिबात संकोच नको. उत्तर कोकणीत आलं तरी तुम्हाला कळतं, आणि सांगणारा हात करून दाखवतोच.

पायरी दुसरी : पूल निवडा

मांडवीवर शेजारी शेजारी तीन पूल आहेत. दोन जुने, कमी उंचीचे, एक पणजीत शिरण्यासाठी आणि एक पणजीतून बाहेर पडण्यासाठी. तिसरा अटल सेतू, केबलांनी तोललेला, त्यांच्याहून बराच उंच. त्याचं उद्घाटन २७ जानेवारी २०१९ रोजी झालं. जोडरस्त्यांसह त्याची लांबी पाच किलोमीटरच्या आसपास आहे. पणजीत ज्यांचं कामच नाही, अशा मडगाव आणि फोंड्याच्या दिशेच्या गाड्या शहराबाहेरून निघाव्यात म्हणून तो बांधला.

तुमची गाडी दुचाकी किंवा रिक्षा असेल तर निवड तिथेच संपली. अटल सेतूवर दुचाकींना आणि तीनचाकींना बंदी आहे. त्यांनी जुना पूलच घ्यायचा. फोनवरच्या नकाशात वाहन म्हणून ‘दुचाकी’ निवडायला विसरू नका, नाही तर तो कारच्या हिशेबाने तुम्हाला सेतूवर चढायला सांगू शकतो. चुकून चढलात तर मध्ये कुठेही वळता येत नाही. वर वाऱ्याचा जोर असतो आणि शेजारून गाड्या वेगाने जात असतात. बंदी मोडल्याचा दंड तर आहेच, पण मला दंडापेक्षा त्या वाऱ्याची काळजी जास्त वाटते.

कार असेल तर खरी निवड करायची आहे.

पहिला मार्ग शहरातला. जुन्या पुलावरून पणजीत उतरा, दिवजा सर्कल आणि पाटो भागातून नदीकाठचा दयानंद बांदोडकर मार्ग धरा. जुनं सचिवालय, कॅप्टन ऑफ पोर्ट्सची जेटी, पुढे कांपाल, कला अकादमी, मग मिरामार सर्कल, करंझाळे, आणि दोनापावला. रस्ता सरळ आहे, सुंदर आहे, चुकायला जागा कमी. पण कॅसिनोंच्या बोटी याच काठाला लागतात, त्यामुळे संध्याकाळपासून रात्री उशिरापर्यंत जेटीसमोर गाड्या थांबत-सुटत असतात. शुक्रवार ते रविवार तर जास्तच.

दुसरा मार्ग बाहेरून. अटल सेतूवर चढा, वर गेल्यावर फोंडा-जुने गोवे आणि मडगाव अशी दिशा वेगळी होते, तिथे मडगावची दिशा धरा. पुढे मेरशी जंक्शन, सांताक्रुझची बाजू आणि बांबोळीचा चढ. गोवा मेडिकल कॉलेजच्या परिसरात हायवे सोडून विद्यापीठाच्या पाटीने वळा आणि पठारावरून दोनापावल्याकडे उतरा. अंतर पंधरा-सोळा किलोमीटर होतं, म्हणजे शहरातल्या मार्गापेक्षा जास्त. तरीही गर्दीच्या वेळी हा मार्ग पुष्कळदा लवकर पोचवतो, आणि विद्यापीठाला जायचं असेल तर हाच घ्यावा असं मी ठामपणे सांगेन.

या दुसऱ्या मार्गावर नवीन माणसाची गल्लत होते अशा तीन जागा आहेत. पहिली, पर्वरीच्या उतारावरचा फाटा. सेतूकडे जाणारी आणि जुन्या पुलाकडे जाणारी लेन वेगळी होते. पाटी दुरून वाचा आणि फाट्याच्या बरंच आधी आपली लेन धरा. शेवटच्या क्षणी पट्टे ओलांडून घुसणाऱ्या गाड्यांमुळे इथे अपघात होतात. चुकीची लेन लागलीच तर तशीच पुढे जा. जुन्या पुलावरून पणजीत उतरून पाटोहून मेरशीकडे जाता येतं. पाचसात मिनिटं जास्त लागतील, एवढंच. दुसरी, सेतूच्या वरचा फाटा. फोंड्याची बाजू पकडली गेली तर रायबंदर-जुने गोव्याच्या दिशेला लागाल आणि परतीचं वळण लगेच मिळणार नाही. तिसरी बांबोळीला. पर्वरीकडून येताना विद्यापीठ उजव्या हाताला, हायवेच्या पलीकडच्या अंगाला पडतं. जीएमसी, म्हणजे मेडिकल कॉलेज, जवळ आलं की वेग कमी करा, बाजूच्या रस्त्याला उतरा आणि हायवे जिथे रीतसर ओलांडता येतो तिथूनच ओलांडा. दिवसभर रुग्णवाहिका ये-जा करत असतात तो हा भाग आहे. इथे हॉर्न वाजवू नका, आणि मागून सायरन आला तर डावीकडे सरकून पूर्ण वाट द्या. हायवेलगतच्या फुलांच्या खुरसापाशी, म्हणजे क्रुसापाशी, गाड्या अचानक थांबतात. अनेक धर्मांची माणसं तिथे फुलं-मेणबत्त्या वाहायला उतरतात. पुढच्या गाडीपासून अंतर राखा.

ताळगावच्या खालच्या गावात जायचं असेल तर आणखी एक वाट आहे. जुन्या पुलाने पणजीत उतरून सांतिनेजमधून ताळगावला निघायचं. दुपारी ठीक, शाळा सुटताना नको.

पुलांबद्दल आणखी थोडं सांगायला हवं. मांडवीवरचा पहिला मोठा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. तो एका दिवसात गेला आणि बार्देश आणि पणजीचा तिसवाडी तालुका यांच्यातलं रोजचं जाणं-येणं पुन्हा फेरीबोटींवर येऊन पडलं. नवा पूल उभा राहीपर्यंत नोकरदारांनी, विद्यार्थ्यांनी, रुग्णांनी बोटींच्या रांगा धरल्या. पर्वरीच्या जुन्या रहिवाशांना कुठेही वेळेवर जायचं असलं की ते अजून आधी पुलाची चौकशी करतात, त्यामागे ती वर्षं आहेत. अटल सेतूही २०२३ साली पृष्ठभागाच्या दुरुस्तीसाठी काही दिवस वाहनांना बंद होता. म्हणून महत्त्वाच्या कामाच्या आदल्या दिवशी गोव्यातलं एखादं मराठी दैनिक चाळा. पूल किंवा रस्ता बंद असल्याची सूचना तिथे येते, आणि फोनवरच्या नकाशाला ती उशिरा कळते.

पायरी तिसरी : वेळ ठरवा

सरकारी कार्यालयं सकाळी साडेनऊला भरतात. त्यामुळे साडेआठ ते दहा या वेळात म्हापसा-पर्वरीकडून पणजीला येणारा लोंढा असतो. पण पर्वरीची गोष्ट थोडी निराळी आहे. विधानसभा आणि सचिवालय पर्वरीत आहेत, आणि मुंबई उच्च न्यायालयाचं गोवा खंडपीठही २०२१ पासून इथल्या नव्या इमारतीत भरतं. म्हणजे पणजी-ताळगावकडून पर्वरीला येणारी माणसंही त्याच वेळी रस्त्यावर असतात. सकाळी ‘मी गर्दीच्या उलट दिशेला जातोय’ असं समाधान इथे मिळत नाही. संध्याकाळी साडेपाच ते साडेसात हीच कथा दोन्ही बाजूंनी.

सगळ्यात चांगली वेळ दुपारची. एक ते साडेतीन-चारपर्यंत गोव्यातली बरीच दुकानं बंद असतात, माणसं घरी जेवून पडलेली असतात, आणि पणजीतून गाडी सुरळीत निघते. ज्या कामाला वेळेचं बंधन नाही ते या वेळेत काढा. मात्र पोचल्यावर दुकान उघडं मिळणार नाही, हेही धरून ठेवा. बँक, कार्यालय, विद्यापीठ यांची कामं असतील तर त्यांची जेवणाची सुट्टी आधी विचारून घ्या. दुसरी चांगली वेळ सकाळी आठच्या आधीची. त्या वेळी रस्त्यावर सायकलीच्या मागे टोपली बांधलेले पोदेर, म्हणजे पाववाले, पाव घेऊन घरोघर जात असतात. ते वाकड्यातिकड्या गल्लीतून अचानक बाहेर येतात. पोंपोंचा आवाज आला की वेग कमी करा.

शुक्रवारी म्हापशाचा बाजार असतो. तुमचं काम दोनापावल्याला असलं तरी परत येताना पर्वरीतल्या म्हापसा दिशेच्या लेनमध्ये त्याचा परिणाम जाणवतो. रविवारी संध्याकाळी मिरामार आणि दोनापावला दोन्हीकडे कुटुंबांची गर्दी असते. सूर्यास्त बघायला जायचं असेल तर निदान एक तास आधी पोचा, नाही तर सूर्य गाडीतूनच बघाल.

पायरी चौथी : तारीख बघा

पणजी छोटी आहे आणि तिथले मोठे कार्यक्रम नदीकाठच्या रस्त्यावरच होतात. तो रस्ता बंद झाला की शहरातून जाणारा मार्गच बंद.

नोव्हेंबरच्या उत्तरार्धात आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो. २००४ पासून तो गोव्यात भरतो आणि त्याचं केंद्र जुन्या मेडिकल कॉलेजची इमारत आणि कला अकादमीचा परिसर. ३ डिसेंबरला जुने गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त. त्या दिवसांत, आणि आधीच्या नवेनांच्या, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनांच्या, दिवसांत, फोंडा-जुने गोवे दिशेचा फाटा टाळा. डिसेंबरच्या मध्याला सेरेंडिपिटी कला महोत्सव पणजीत अनेक ठिकाणी असतो. १९ डिसेंबरला मुक्तिदिन. लेंट, म्हणजे ईस्टरपूर्वीचा उपवासाचा काळ, सुरू व्हायच्या आधी कार्निव्हालची चित्ररथ मिरवणूक, आणि होळीनंतर शिगमोत्सवाची मिरवणूक, पणजीत दुपारनंतर वाहतूक वळवली जाते. मिरामारला आयर्नमॅनची स्पर्धा असते त्या रविवारी सकाळी तर दोनापावल्याकडचा रस्ता स्पर्धकांसाठीच राखलेला असतो. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधीचे दोनतीन दिवस माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीच्या) बाजारासाठी पणजी आणि म्हापसा दोन्हीकडे पाय ठेवायला जागा नसते. पण त्या बाजारासाठी गर्दीत शिरावं, असं मी आवर्जून सांगेन. रानातली फळं, कंदमुळं, आंबाडे, नारळाच्या पेंडी अशा एकत्र क्वचितच बघायला मिळतात.

विधानसभेचं अधिवेशन चालू असेल तर पर्वरीच्या परिसरात बंदोबस्त असतो आणि मोर्चेही निघतात. पावसाळी अधिवेशन साधारण जुलै-ऑगस्टमध्ये. त्या दिवसांत घरातून पंधरा मिनिटं आधी निघा.

पायरी पाचवी : गाडी आणि कागद

परवाना, नोंदणीपत्र, विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र फोनवर डिजिलॉकरमध्ये असलं तरी चालतं. महाराष्ट्रातली स्वतःची गाडी आणली असेल आणि गोव्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर मोटार वाहन कायद्यानुसार ती इथे नोंदवावी लागते. आधी मूळ आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. हे काम शेवटच्या महिन्यावर ढकलू नका.

भाड्याची गाडी घेत असाल तर नंबरप्लेट बघा. रीतसर परवाना असलेल्या भाड्याच्या स्कूटर आणि कारना काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं असलेली खाजगी गाडी कुणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नका. अपघात झाला तर विम्याचा दावा अडकू शकतो, आणि पोलिसांनी अडवलं तर तुमचा दिवस तिथेच जातो. याबाबत मी कुणालाच सूट देणार नाही, मग तो गाडीवाला कितीही ओळखीचा असो.

हेल्मेट चालवणाऱ्याने आणि मागे बसणाऱ्याने, दोघांनी घालावं. कायद्यात दंड १,००० रुपये आहे आणि परवाना तीन महिने निलंबित होऊ शकतो. सीटबेल्टचंही तसंच, दंड १,००० रुपये. ‘इथून तिथे तर जायचंय’ हे वाक्य पर्वरीत फार ऐकू येतं. या रस्त्याचा मोठा भाग राष्ट्रीय महामार्ग आहे, शेजारून मालवाहू ट्रक आणि लांब पल्ल्याच्या बसगाड्या जातात. अंतर कमी असलं तरी रस्ता गल्लीतला नाही. मेरशी जंक्शनच्या सिग्नलवर कॅमेरे आहेत; समोर पोलीस दिसला नाही तरी चलन येतं.

पायरी सहावी : पावसाळ्याचा वेगळा विचार

जूनच्या पहिल्या सरींत रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिळून डांबर निसरडं होतं. पर्वरीहून पुलाकडे उतरताना आणि बांबोळीच्या चढ-उतारावर दुचाकीवाल्यांनी पुढचा ब्रेक एकदम दाबू नये. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की पणजीत मळा, पाटो आणि १८ जून रस्त्याच्या आसपास पाणी तुंबतं, कारण शहराचा खालचा भाग खाडीच्या पातळीला आहे आणि भरतीला पाणी ओढ्यातून उलटं आत शिरतं. अशा वेळी कारने शहरात शिरण्यापेक्षा बांबोळीचा मार्ग घ्या. भरती-ओहोटीच्या वेळा वर्तमानपत्रात मिळतात; पावसाळ्यात त्या बघण्याची सवय लावून घ्यावी.

रात्री गुरांचं भान ठेवा. पावसात गवत ओलं असतं, म्हणून गुरं डांबरावर येऊन बसतात. ताळगाव पठारावर आणि पर्वरीच्या आतल्या रस्त्यांवर काळ्या म्हशी अंधारात अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. वेग चाळीसच्या खाली ठेवला तर थांबायला वेळ मिळतो.

पायरी सातवी : गाडी कुठे लावणार?

दोनापावला, विद्यापीठ आणि पठारावर दुपारी जागेची फारशी अडचण येत नाही. अडचण येते ती वाटेत पणजीत काम असेल तर. १८ जून रस्ता आणि महात्मा गांधी रस्ता हे बाजाराचे मुख्य रस्ते एकेरी आहेत, बऱ्याच भागात पे-पार्किंग आहे आणि चुकीच्या जागी लावलेली गाडी उचलून नेतात. बाजारात काम असेल तर कार पाटोच्या बहुमजली पार्किंगमध्ये लावा आणि ओढ्यावरच्या पुलावरून चालत शहरात या. दहा-पंधरा मिनिटं चालावं लागतं. त्याच वाटेवर मळा आणि फोंताइन्हासची जुनी घरं लागतात, हा फायदाच. जागेच्या शोधात फेऱ्या मारण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

गाडी नकोच असेल तर

बेतीहून पणजीला फेरीबोट आहे. पायी प्रवाशांना तिकीट नाही, आणि दुचाकीही बोटीवर चढवता येते. बेतीच्या बाजूला राहणाऱ्यांनी ही सोय जरूर वापरावी; पुलावर कोंडी असते तेव्हा बोट नदीतून शांतपणे निघते आणि पणजीत सरळ बांदोडकर मार्गावर उतरवते. तिथून मिरामार-दोनापावल्याच्या बस मिळतात. म्हापसा-पणजी मार्गावर कदंबच्या शटल बस आणि खाजगी बस सतत असतात. पर्वरीतून चढा, पणजीच्या कदंब स्टँडवर उतरा आणि तिथे दोनापावल्याची बस घ्या. एकट्या माणसाला घाई असेल तर पणजीत पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, पिवळ्या मडगार्डवरून ओळखू येते. भाडं बसण्याआधी ठरवा. रात्री मात्र बस लवकर बंद होतात, हे विसरू नका.

आता दोन प्रत्यक्ष आराखडे

समजा सोमवारी सकाळी दहा वाजता विद्यापीठात काम आहे, घर सुकूरच्या बाजूला आहे आणि कार आहे. आदल्या दिवशी वर्तमानपत्रात अटल सेतू आणि पर्वरीतल्या वळवलेल्या रस्त्यांबद्दल काही आहे का बघा. सकाळी साडेआठला घर सोडा. हायवेला लागून सेतूची लेन आधीच धरा, वर मडगाव दिशा, मेरशीचा सिग्नल शांतपणे, बांबोळीला बाजूचा रस्ता. रस्ता मोकळा मिळाला तर नऊ-सव्वानऊला पोचाल. मग विद्यापीठाच्या आवारात झाडाखाली बसून कागद नीट लावा. कोंडी मिळाली तरी दहाला दारात असाल. हाच प्रवास स्कूटरवर असेल तर जुना पूल, पणजी, सांतिनेज, ताळगाव आणि मग पठाराचा चढ. सव्वाआठला निघा, हेल्मेटच्या काचेला ओलावा पुसायला कापड ठेवा.

दुसरा आराखडा : सासू-सासऱ्यांना रविवारी संध्याकाळी दोनापावल्याला न्यायचंय. दुपारी साडेतीनला निघा, शहरातला नदीकाठचा रस्ता घ्या, कारण त्यांना बाहेर बघायला आवडेल आणि त्या वेळी जेटीसमोर गर्दी कमी असते. मिरामारला अर्धा तास, मग दोनापावला. परतीला काठाच्या रस्त्याने मुळीच येऊ नका. सूर्य मावळला की मिरामारची, दोनापावल्याची आणि कॅसिनोची गर्दी एकत्र त्याच रस्त्यावर येते. पठारावरून बांबोळीला उतरा, मेरशीहून अटल सेतू घ्या. सेतूवर गाडी थांबवायला बंदी आहे, फोटोसाठीसुद्धा थांबू नका. डाव्या खिडकीशी बसलेल्यांना चालत्या गाडीतून पणजीचे दिवे दिसतात तेवढे पुरेत.

आपत्कालीन मदतीसाठी १०८ आणि ११२ हे क्रमांक फोनमध्ये ठेवा. अपघात झाला तर गाडी शक्य तितकी बाजूला घ्या, जखमींना आधी बघा, आणि आपण नेमके कुठे आहोत हे सांगताना खूण सांगा : ‘जुना पूल, पणजीच्या दिशेला’ किंवा ‘अटल सेतू, मडगावच्या बाजूला’. तिन्ही पूल शेजारी असल्यामुळे फोनवर ‘मांडवी पुलावर आहे’ एवढंच सांगितलं तर रुग्णवाहिका दुसऱ्या पुलावर चढू शकते.